चौधरी सिस्टरांचा बुधवार

चौधरी सिस्टरांविरुद्ध आमच्या दवाखान्यात दोन महिन्यांच्या आत दोन तक्रारी आल्या होत्या. पहिली अशी, की ही बाई सिझर होऊ देत नाही. दुसरी अशी, की ही बाई सिझर करायला लावते. साहेबांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "यातली खरी कोणती समजायची?"

सिस्टरांनी चष्मा लावला. दोन्ही कागद सावकाश वाचले. एका ठिकाणी 'प्रसूती' चुकीचं लिहिलं होतं, ते बोटाने दाखवलं. मग म्हणाल्या, "दोन्ही बाळंतिणींना मी एकच विचारलं होतं, तुला काय हवंय. तक्रार त्याची आहे. पण तसं लिहायला घरच्यांना लाज वाटली असेल."

मी मागे फाइल धरून उभी होते. हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती.

दवाखाना बुऱ्हाणपुरात, शनवारा दरवाजाच्या अलीकडे. डॉक्टर मॅडम बाळंतपणं करायच्या आणि त्यांचे यजमान, म्हणजे आमचे साहेब, बाकीचा कारभार पाहायचे. मी नुकतीच नर्सिंग करून लागले होते. चौधरी सिस्टर सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन तिथे आलेल्या. वॉर्डाचं काम तर त्या करायच्याच, पण त्यांचं खरं काम बुधवारी दुपारी तीन वाजता सुरू व्हायचं. वरच्या मजल्यावरच्या लांबट खोलीत त्या गरोदर बायांचा वर्ग घ्यायच्या. बाळंतपण म्हणजे काय, कळा कशा येतात, टाके कधी पडतात, ऑपरेशन कधी लागतं, त्यात काय काय होतं, सगळं. तापीकाठच्या गावांतून बाया यायच्या, नेपानगरहून यायच्या. केळीच्या बागा असलेल्या घरच्या यायच्या आणि त्याच बागांत मजुरीला जाणाऱ्याही.

सिस्टरांचं सगळं आयुष्य मला ठाऊक नाही. वडील भुसावळकडून कागदाच्या मिलमध्ये आले, त्या मिलच्या क्वार्टरमध्ये वाढल्या, इंदूरला शिकल्या, एवढंच त्यांच्या बोलण्यातून कळलेलं. उंच होत्या. बाकी आम्ही सगळ्या सलवार-कुर्त्यात, त्या मात्र शेवटपर्यंत पांढऱ्या साडीत. डॉक्टरांशी हिंदीत बोलायच्या, शिकवताना शाळेतल्या बाईंसारखं शुद्ध मराठी, आणि राग आला की थेट घरची बोली. त्यामुळे जिन्यातून वर जातानाच आत काय चाललंय ते कळायचं.

त्यांची शिकवण्याची साधनं त्यांनीच केलेली होती. कागदाचा लगदा भिजवून, वाळवून, त्यांनी कमरेच्या हाडांचा सांगाडा बनवला होता. मिलवाल्याच्या मुलीला लगदा कसा बसवायचा ते शिकवावं लागत नाही, असं म्हणायच्या. एक जुना, घट्ट गळ्याचा स्वेटर होता. त्यात त्या रबरी बाहुली घालायच्या आणि गळ्यातून डोकं हळूहळू बाहेर काढून दाखवायच्या. "बघा, गळा ओढून फाटत नाही. वेळ दिला तर उघडतो. आणि कधी कधी नाहीच उघडत. तेव्हा स्वेटरचा काही गुन्हा नसतो."

खोलीत मागच्या बाजूला सासवांसाठी खुर्च्या होत्या. सासूला बाहेर ठेवायचं नाही, हा सिस्टरांचा नियम. "बाहेर ठेवली तर घरी जाऊन सगळं पुसून टाकेल," म्हणायच्या. पण पहिला अर्धा तास फक्त पोटुशीनं बोलायचं, हाही नियम होता. एखादी सासू मध्ये बोलली की सिस्टर वळूनही न बघता हात वर करायच्या, ट्रॅफिकच्या पोलिसासारखा.

आणि एक गोष्ट त्या कधीच म्हणायच्या नाहीत. आम्ही सगळ्या नर्सा दिवसातून पन्नास वेळा म्हणतो ती. घाबरू नको. मी एकदा लेबर रूममध्ये एका मुलीला म्हटलं, तर सिस्टरांनी मला बाजूला घेतलं. "घाबरू नको म्हणजे काय? गप्प बस, एवढाच अर्थ आहे त्याचा. तिला म्हण, घाबर. पण कशाला घाबरतेस ते मला सांग." मी जाऊन तसं विचारलं. मुलगी म्हणाली, इथे आतमध्ये माझी आई का नाही. आईला आत बोलावलं. अर्ध्या तासात मुलगी शांत झाली. मी दुसरं काहीच केलं नव्हतं.

पहिल्या तक्रारीची हकिकत अशी. केळीच्या मोठ्या व्यापाऱ्याच्या घरची सून होती. तिला आपण कविता म्हणू. पहिलंच बाळंतपण. सदतिसावा आठवडा नुकता लागला होता, सगळं व्यवस्थित होतं. एक दिवस सासरे, सासू, नवरा आणि ती असे चौघं आले. सासऱ्यांच्या खिशात चिठ्ठी होती. त्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी अकरा चाळीसला मूल जन्मलं पाहिजे, असं पंडितजींनी लिहून दिलं होतं. नक्षत्र फार चांगलं होतं म्हणे.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "थोडं लवकर होतंय, पण बघू." मॅडम वाईट नव्हत्या. पण त्या घरच्या तीन सुनांची बाळंतपणं त्यांच्याकडेच झाली होती, आणि नाही म्हणणं त्यांना जड गेलं.

सिस्टर बीपीचा पट्टा गुंडाळत होत्या. गुंडाळता गुंडाळता विचारलं, "काकाजी, वेळ कोणी काढली?"

"पंडितजींनी."

"आणि हिला कोणी विचारलं?"

सासरे हसले. "तिले काय विचारायचं, सिस्टर? तिच्याच लेकराचं भलं आहे."

सिस्टरांनी पट्टा टेबलावर ठेवला. "मॅडम, मला हिच्याशी दहा मिनिटं बोलायचंय. एकटीशी." आणि उत्तराची वाट न बघता दार उघडून उभ्या राहिल्या. अशा उभ्या राहिल्या की बाहेर जाण्यावाचून कोणाला काही करता येईना. मॅडमसुद्धा उठल्या. मी राहिले, कारण मला कोणी मोजतच नव्हतं.

कविता बोटातली अंगठी फिरवत होती. मग म्हणाली, "सिस्टर, माझे दिवस भरले नाहीत ना?"

"नाहीत. अजून तीनेक आठवडे आहेत. आत्ता बाळ काढलं तर त्याला श्वासाचा त्रास होऊ शकतो, काचेच्या पेटीत ठेवावं लागू शकतं. होईलच असं मी म्हणत नाही. होऊ शकतं."

"आणि थांबले तर?"

"थांबलीस तर कळा येतील. नॉर्मल होईल असं वाटतंय. पण तेव्हाही ऑपरेशन लागू शकतं. त्याची हमी मी देत नाही, कोणीच देऊ शकत नाही."

"मग मले थांबायचं आहे." आणि लगेच, "पण मी बोलले तर घरी..."

"तू मला बोललीस. पुढचं मी बोलते."

बाहेर बाकावर तिघं बसले होते. सिस्टर सरळ सासऱ्यांसमोर गेल्या. "तिला थांबायचंय."

सासऱ्यांचा आवाज चढला नाही. खूप पैसा असलेल्या माणसांचा तो चढत नाही. ते म्हणाले, "सिस्टर, तुम्ही इथे नोकरी करू राहिल्या, हे ध्यानात ठेवा."

"ठेवलंय ना. तिचीच नोकरी करू राहिले."

मॅडमनी खाली बघत फाइलवर लिहिलं, थांबावं. गुरुवारचं अकरा चाळीस होऊन गेलं.

दोन आठवड्यांनी कविताला कळा आल्या. पूर्ण दिवस त्यात गेला आणि संध्याकाळी बाळाचे ठोके कमी व्हायला लागले. सिझर करावं लागलं. मुलगी झाली, चांगली रडली, आईपाशीच राहिली. सासरे सिस्टरांना कॉरिडॉरमध्ये भेटले. "शेवटी सिझरच झालं ना? मग आमचा मुहूर्त काय वाईट होता?"

मला वाटलं, आता सिस्टर गप्प बसतील. तशी हार झालीच होती. त्या म्हणाल्या, "झालं. बाळाची वेळ झाल्यावर झालं आणि आईला विचारून झालं. टेबलावर जाताना तिनं स्वतः सही केली. तुम्हाला यात फरक दिसत नसेल, तर मी दाखवू शकत नाही."

तक्रार दुसऱ्या दिवशी आली.

दवाखान्यात यामुळे सिस्टरांचं नाव झालं, नॉर्मलवाली सिस्टर. त्यांनाही ते आवडायचं, खोटं का सांगू. त्या वर्गात एक शब्द वापरायच्या, सोपी वाट. ज्या बाया काही अडचण नसताना आपणहून सिझर मागतात, त्यांनी सोपी वाट धरली, असं म्हणायच्या. म्हणताना ओठ थोडे मुडपायच्या. बाया हसायच्या. मीही हसायचे.

त्यांची मुलगी पुण्याला होती. दोन वर्षांपूर्वी तिचं बाळंतपण झालं होतं, तेही सिझर. बाळाचे ठोके अचानक कमी झाले म्हणून करावं लागलं, असं तिने आईला सांगितलं होतं आणि सिस्टर हे उदाहरण वर्गात नेहमी द्यायच्या. माझ्या लेकीलाही लागलं, कारण गरज होती, मग कोणी आडवं येऊ नये. कविताच्या बाळंतपणानंतर आठ-दहा दिवसांनी त्या पुण्याला नातवाकडे गेल्या. लसीचं कार्ड शोधताना फाइलमध्ये दवाखान्याचा कागद सापडला. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं, आईच्या इच्छेनुसार, आधी ठरवून. ठोक्यांचा कुठे उल्लेख नव्हता.

परत आल्यावर आम्ही दोघी वरच्या खोलीत चादरी घड्या करत होतो, तेव्हा त्यांनी मला हे सांगितलं. चादरीचं एक टोक माझ्या हातात, एक त्यांच्या.

"मी तिला विचारलं, खोटं का बोललीस? म्हणाली, आई, तू वर्गात ज्या बायांबद्दल तोंड वाकडं करून बोलतेस ना, त्यांच्यातली एक मला व्हायचं नव्हतं." सिस्टरांनी घडी जुळवली. "अख्ख्या जिल्ह्यातल्या बाया मला खरं सांगतात, वैशाली. माझ्या पोटच्या पोरीला खोटं सांगावं लागलं."

मी चादरीचं टोक त्यांच्या हातात दिलं.

पुढच्या बुधवारी खोली भरलेली होती. सिस्टर समोर उभ्या राहिल्या. त्या वर्गात कधी बसायच्या नाहीत. म्हणाल्या, "मी आजपर्यंत इथे एक शब्द वापरला, सोपी वाट. तो माझा चुकीचा शब्द होता. पोट चिरून घेणं सोपं नसतं आणि कळा सोसणंही सोपं नसतं. सोपी वाट कोणालाच मिळालेली नाही. ज्यांच्यासमोर मी तो शब्द बोलले, त्यांची मी माफी मागते." मागच्या खुर्चीवरच्या एका सासूने शेजारणीला विचारलं, काय झालं सिस्टरले? सिस्टरांचा हात वर गेला. वर्ग सुरू झाला.

आणि त्याच दिवशी वर्ग संपताना रूपाली आली. असं मुद्दाम जुळवून आणल्यासारखं वाटेल, पण तसंच झालं.

रूपाली चांदनी गावची. लहान मुलांच्या शाळेत शिकवायची. सोबत नवरा आणि सासू. सासूबाईंनी सिस्टरांची कीर्ती ऐकली होती. त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या, "सिस्टर, हिले समजवा तुम्ही. सगळं चांगलं आहे म्हणते डॉक्टर, अन् हिले सिझरच पाहिजे. आमच्या घरात नऊ बाळंतपणं झाली, एकीलेही चिरा नाही. नुसते नखरे आहेत हे."

सिस्टरांनी विचारलं, "तू कशाला घाबरतेस?"

रूपालीने नवऱ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. नवरा स्वतःहून म्हणाला, "मी खाली थांबतो." सासू थांबायला तयार होती. तिला त्याने दंडाला धरून नेलं. तो पोरगा मला तिथेच आवडला.

मग रूपालीने सांगितलं. तिच्या मोठ्या बहिणीचं बाळंतपण तिने पाहिलं होतं. दोन दिवस कळा. दाखवायला उशीर झाला. बाळ गेलं. बहीण वाचली, पण तिला आजही लघवी सांभाळता येत नाही, ती लग्नाकार्याला जात नाही, घरात कोणी याबद्दल बोलत नाही. "सगळे म्हणतात, तुझं तसं होणार नाही. मलाही माहितीये. पण सिस्टर, रात्री मी पडले की तिचाच आवाज ऐकू येतो. मी तसं नाही करू शकत. बिल्कुल नाही."

सिस्टरांनी तिला तीन बुधवार यायला लावलं. मन वळवायला नव्हे. पहिल्या बुधवारी नॉर्मल बाळंतपणाचं सगळं सांगितलं, चांगलं आणि वाईट. बहिणीचं का बिघडलं, तेही सांगितलं, आणि वेळेवर दवाखान्यात असतं तर काय करता आलं असतं तेही. दुसऱ्या बुधवारी सिझरचं. टाके, ताप, रक्त, पुढच्या बाळंतपणात या व्रणामुळे येऊ शकणाऱ्या अडचणी, सहा आठवडे जड उचलायचं नाही. काही लपवलं नाही. उलट इतकं सांगितलं की मलाच वाटलं, या हिला घाबरवताहेत. तिसऱ्या बुधवारी सिस्टरांनी फक्त विचारलं, "आता?"

"आताही तेच, सिस्टर."

"माझं मत विचारशील, तर मी तुझ्या जागी कळांची वाट पाहिली असती."

"मी तुमचं मत नाही विचारलं," रूपाली म्हणाली. आणि स्वतःच दचकली.

सिस्टर हसल्या. फार क्वचित हसायच्या. "बरोबर. नाही विचारलंस." आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन सासूबाईंना हाक मारली.

सासूबाई धापा टाकत वर आल्या. "समजावलं का हिले?"

"समजावलं. तिला सगळं समजलंय. आता तुम्हाला समजवायचं राहिलं. बसा."

ते समजावणं तासभर चाललं आणि निष्फळ गेलं. सासूबाई शेवटी म्हणाल्या, "तुमचं नाव ऐकून आलो होतो. तुम्ही तं डॉक्टरांच्याच निघाल्या." सिस्टर म्हणाल्या, "मी कोणाचीच नाही, मावशी. ती सही करणार, तिचा नवरा तिच्या बाजूने आहे. तुम्ही आलात तर तिला बरं वाटेल. नाही आलात तरी ऑपरेशन होईल."

एकोणचाळीस आठवडे पूर्ण झाल्यावर, ठरल्या दिवशी, रूपालीचं सिझर झालं. सिस्टर आत तिच्या डोक्याशी उभ्या होत्या. मुलगा झाला. सासूबाई आल्या, बाळाला घेतलं, सुनेशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी डब्यात खिचडी आणली. आणि चौथ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर दुसरी तक्रार आली. या दोन्ही गोष्टी एकाच बाईने केल्या. माणसं अशीच असतात.

साहेबांनी दोन्ही कागद बाजूला सारले आणि सिस्टरांना समजुतीने सांगितलं, "वर्ग बंद नाही करत मी. तुम्ही आहार शिकवा, व्यायाम शिकवा, बाळाला अंघोळ कशी घालायची ते शिकवा. डिलिव्हरी कशी करायची, ते डॉक्टर आणि घरचे बघून घेतील. त्यावर वर्गात बोलायचं नाही."

"म्हणजे बाळंतपणाच्या वर्गात बाळंतपणावर बोलायचं नाही."

"बिनाकारण दोन्हीकडून लोक नाराज होतात, सिस्टर."

"मग बाहेर बोर्ड बदला. लिहा, स्वयंपाकाचा वर्ग." आणि त्या उठल्या. वर जाऊन लगद्याचा सांगाडा आणि स्वेटर एका खोक्यात भरला. मी म्हटलं, सिस्टर, घाई करू नका. तर म्हणाल्या, "घाई? बुधवारला अजून दोन दिवस आहेत."

बुधवारी तीनच्या सुमाराला दवाखान्याच्या दारात वीसेक बाया जमल्या. वरची खोली बंद होती. काय करावं त्यांना कळत नव्हतं. समोर शिंप्याचं दुकान होतं, त्याला लांब दगडी ओटा. सिस्टर तिथे खोकं घेऊन उभ्या होत्या. शिंप्याची मशीन बंद होती. सिस्टरांनी त्याला काय सांगितलं होतं देव जाणे, तो दुकान सोडून चहाला गेला होता. भर रस्त्यावर, रिक्षा आणि लूनांच्या मध्ये, त्यांनी लगद्याचा सांगाडा वर धरला आणि सुरुवात केली. जाणारे लोक थांबून बघत होते. एका माणसाने शेरा मारला, शरम वगैरे काहीतरी. सिस्टरांनी त्याला बोलावलं, "या ना, तुम्हीही ऐका. तुम्ही यातूनच आलात." तो निघून गेला.

पुढे बसलेल्या एका बाईच्या मांडीवर तान्ही मुलगी होती. कविताच होती ती. सासऱ्यांना न सांगता आली होती. रूपाली पुढच्या महिन्यात आली. सिस्टरांनी तिला सगळ्यांपुढे उभं केलं. ती म्हणाली, "टाके फार दुखले. खोकला आला की जीव जायचा. मला कोणी सांगितलं नव्हतं असं म्हणू शकत नाही, सिस्टरांनी सांगितलं होतं. पुन्हा विचाराल तर पुन्हा हेच करीन." तिच्या शेजारची बाई म्हणाली, "मी नाही करणार." सिस्टर म्हणाल्या, "नको करू. पण ऐकलंस ना?"

ओट्यावर वर्ग पावसाळा लागेपर्यंत चालला. मग सिस्टर गावोगाव जायला लागल्या. धूलकोट, देडतलाई, जिथे खोली मिळेल तिथे, बसने, खोकं मांडीवर घेऊन. मी वर्षभराने दवाखाना सोडला, खकनारकडे सरकारी केंद्रात लागले, आणि आमच्या भेटी कमी झाल्या.

शेवटचं पाहिलं ते मागच्या वर्षी, देडतलाईला. बाजाराचा दिवस होता. मी लसीकरणाच्या कामाला गेले होते. कोणीतरी सांगितलं, पंचायतीच्या खोलीत सिस्टरबाई आल्या आहेत. मी गेले. दार उघडं होतं, मी उंबऱ्याबाहेरच थांबले. आत दहा-बारा बाया सतरंजीवर, त्यात डोईवरचा पदर गच्च धरलेल्या दोघी-तिघी अगदी कोवळ्या. सिस्टर भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. वाकल्या होत्या थोड्या. मला बघून मान हलवली, बोलणं थांबवलं नाही.

तेवढ्यात माझ्या मागून चार माणसं आली. पंचायतीची मीटिंग होती, खोली हवी होती. त्यांच्यातला मोठा दारातूनच म्हणाला, "सिस्टर, झालं असेल तर उठवा यांना. आमचं काम आहे."

सिस्टरांनी घड्याळ पाहिलं. "दोघींचं बोलणं राहिलंय."

"ते पुढच्या खेपेला बोलतील."

"पुढच्या खेपेपर्यंत यांची बाळंतपणं होऊन जातील. बसा बाहेर, सावलीत."

मोठा पाऊल आत टाकणार होता. सिस्टर चालत आल्या, त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

चार माणसं आणि मी, आम्ही बाहेर उभे राहिलो. एकाने बिडी काढली. मोठा माझ्याकडे बघून म्हणाला, "काय बाई आहे ही?" मग आत कोणीतरी बोलायला लागली, अडखळत, एक शब्द पुढे, दोन मागे, आणि मग सलग. तो आवाज सिस्टरांचा नव्हता.